माझ्या छातीतल्या गाठींचं माप

मार्चमधला दुसरा मंगळवार, शाहपुऱ्यातलं स्कॅन सेंटर. रोख चार हजार दोनशे रुपये भरले. हजर होतो मी आणि काउंटरवरची मुलगी. तिने फॉर्मवरून मान न उचलता विचारलं, "साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"अंकल, किसी का नंबर तो लिखवाना पड़ेगा."

मी माझाच नंबर पुन्हा एकदा सांगितला. तिने लिहून घेतला आणि आत जायला सांगितलं.

ज्यांच्या छातीच्या फोटोत असंच काही निघालं आहे, आणि जे रिपोर्ट हातात धरून घरी एकटे बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मी सांगणार नाही. माझं काय झालं आणि मी कुठे चुकलो, एवढंच सांगतो.

एकटा का गेलो

मी भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत राहतो. नोकरी इन्स्पेक्शनमध्ये. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार भाग, मोजायचा. मापात असला तर पास, नसला तर परत, आणि शंका असली तर त्याला पिवळं लेबल लावून बाजूला ठेवायचा. पिवळ्या लेबलच्या जॉबला निकाल लागेपर्यंत कोणी हात लावत नाही.

कारखान्याच्या त्या वर्षीच्या आरोग्य तपासणीत एक्स-रेवर काहीतरी दिसलं. कोरडा खोकला मला दिवाळीपासून होता, जिना चढताना थोडा दम लागायचा, पण वय चोपन्न म्हटल्यावर मी तो वयाच्या खात्यात टाकला होता. कारखान्याच्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, "बीच में दोनों तरफ कुछ भरा-भरा लग रहा है. सी.टी. करा लीजिए, मैं परची बना देता हूँ."

परची घेतली असती तर एक पैसाही लागला नसता. पण आमच्या वसाहतीत परची लिहिणाऱ्या कारकुनाची बायको आणि माझी बायको सुषमा मराठी मंडळाच्या भजनात शेजारी बसतात. दुपारी परची, तर संध्याकाळी फोन. आणि सुषमा तेव्हा नाशिकला होती. आमची मुलगी मुग्धा नवव्या महिन्यात होती, तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. त्या घरात माझ्या छातीची बातमी पोचायला नको होती. म्हणून शाहपुरा, म्हणून रोख.

रिपोर्ट घेऊन मी तलावाच्या कठड्यापाशी स्कूटर लावली आणि वाचला. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत अनेक गाठी वाढलेल्या, सर्वांत मोठी अठरा मिलीमीटर. खाली तीन आजारांची नावं, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. तेवढ्यात सुषमाचा फोन आला.

"जेवलात का?"

"जेवलो."

अजून दुपार व्हायची होती. तिच्या लक्षात आलं नाही, कारण मागून मुग्धा हाका मारत होती. फोन ठेवून मी तिथेच कठड्यावर टेकलो. एक कुटुंब माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्यापुढेही दोन गोळ्या धरल्या. मी त्या घेतल्या आणि टाकल्या. त्या दिवशी कोणी मला दिलेली तेवढीच एक वस्तू.

चौकीदार

छातीच्या डॉक्टर सिद्दीकी मॅडम. वयाने माझ्याएवढ्या, बोलायला फटकळ. पहिला प्रश्न भोपाळमध्ये छातीचं काही निघालं की सगळे विचारतात तोच.

"गैस के टाइम यहीं थे?"

"नहीं मैडम, उसके बाद आया. महाराष्ट्र से."

त्यांनी फोटो दिव्यावर लावला. मी विचारलं, कॅन्सर आहे का? त्या म्हणाल्या, "देखिए, गिल्टी खुद बीमारी नहीं है. चौकीदार समझिए. कहीं कुछ गड़बड़ हुई, तो चौकीदार खड़ा हो गया. अब पता ये करना है कि चोर कौन है."

मग त्यांनी चोर सांगितले. आपल्याकडे सगळ्यात आधी टीबी. मग सार्कॉइड नावाचा एक आजार, जो पुष्कळदा टीबी समजूनच चालवला जातो. मग गाठींचाच कॅन्सर. मग दुसरीकडच्या कॅन्सरचं तिथे पोचणं. कधी दगडाच्या बारीक धुळीत वर्षानुवर्षं काम केल्याने. कधी साधं इन्फेक्शन, जे येतं आणि जातं.

"और चोर कोई न हो तो?"

"बेवकूफ चौकीदार भी होते हैं," त्या म्हणाल्या. "बिना बात खड़े रहते हैं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. थुंकी तपासली, रक्त तपासलं. थुंकीत टीबी निघाला नाही. ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री घाम नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दीड महिना थांबू, मग रंग घालून दुसरा स्कॅन, आणि गाठी तशाच असतील तर घशातून दुर्बीण घालून सुईने तुकडा काढू, असं ठरलं.

एक प्रश्न मी विचारला नाही. माझ्यापासून लहान बाळाला काही होईल का? तो विचारला असता तर बाळ आहे हे सांगावं लागलं असतं, मग घरी कोण कोण आहे, मग कोणाला सांगितलं आहे का. त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच ठरवून टाकलं.

पिवळं लेबल

मुग्धाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी सेक्शनमध्ये पेढे वाटले, पण डबा टेबलावर ठेवला आणि ज्याने त्याने घ्यावा म्हटलं. हाताने दिले नाहीत.

थुंकी साफ होती हे मला माहीत होतं. पण एका नमुन्यावर मी आयुष्यात कधी जॉब पास केलेला नाही. म्हणून मी स्वतःला बाजूला ठेवलं. सेक्शनमध्ये सगळ्यांच्या कपांच्या ट्रेमधून चहा घेणं सोडलं, घरून स्टीलचा पेला नेऊ लागलो. शेजारच्या टेबलावरचे तिवारी आणि मी वीस वर्षं एकाच बशीतून नमकीन खात आलो आहोत. त्यांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं, "क्यों सरोदेजी, नाना क्या बने, हमारी चाय में कीड़े दिखने लगे?"

सगळे हसले. मीही हसलो. गळा खराब आहे म्हटलं.

मंडळात जाणं थांबवलं. तिवारी आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. त्यांच्या घरून रविवारी पोहे यायचे, ते मी दारातूनच घ्यायचो आणि भांडं उकळत्या पाण्याने धुऊन परत करायचो. तिवारीवहिनी म्हणाल्या, "भाईसाब, इतना चमका के तो मैं भी नहीं माँजती." त्यांनाही मी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर टीव्ही लावायचा, कारण घरात माणसाचा आवाज हवा. बाळाचे फोटो यायचे. मी ते मोठे करून बघायचो. कान सुषमासारखे आहेत, हे मला फोटोवरून कळलं.

आजारी माणसाला एकटं वाटतं, असं लोक म्हणतात. मला तर मी आजारी आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. आजारी असतो तर सुट्टी घेऊन पडून राहिलो असतो, लोक भेटायला आले असते. नसतो तर नाशिकला गेलो असतो. मी या दोन्हींच्या मधे होतो, आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं.

सव्वीस

दीड महिन्याने दुसरा स्कॅन झाला, दुसऱ्या सेंटरमध्ये. रिपोर्ट पाकिटातून काढला आणि आकडा शोधला. सर्वांत मोठी गाठ सव्वीस मिलीमीटर.

अठराची सव्वीस. पुढचं काम माझ्या हाताने आपोआप केलं. दीड महिन्यात आठ. म्हणजे महिन्याला पाचाच्या वर. दिवाळीपर्यंत किती, संक्रांतीपर्यंत किती. कॅल्क्युलेटरवर आकडे येत गेले. इतक्या वेगाने टीबी वाढत नाही असं मी ठरवलं, आणि सार्कॉइडही नाही. उरला कोण ते उघड होतं. मग सुई घालून तुकडा कशाला काढायचा? नाव कळणार एवढंच. तेवढ्यासाठी मुग्धाचं बाळंतपण मोडून सुषमाला बोलवायचं नव्हतं. मी सिद्दीकी मॅडमना रिपोर्ट दाखवायला गेलोच नाही. दुर्बिणीची तारीख मिळाली होती. हॉस्पिटलला फोन करून ती रद्द केली. पलीकडचा माणूस "ठीक है" म्हणाला, त्याने कारण विचारलं नाही.

जी गोष्ट मी नवीन पोरांना शिकवताना रोज बजावतो, ती मला त्या वेळी सुचली नाही. ती दुसऱ्यानेच सांगावी लागली.

बारशाचा फोन

सुषमाने बारशाची तारीख कळवायला फोन केला. रविवारचं ठरलं होतं. जावयांनी माझं तिकीट काढलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी हबीबगंज स्टेशनवरून गाडी.

"रजा मिळत नाही गं," मी म्हटलं. "ऑडिट आहे."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मग थोडं थांबून, "मुग्धाला काय सांगू?"

"तेच सांग."

"तिच्या सासूबाई म्हणत होत्या, आजोबा फोनवर बाळाचं नाव काय ठेवणार तेही विचारत नाहीत."

फोन ठेवला जाईल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"बर्थ कोणती आहे ते का नाही विचारलंत?" ती एकदम म्हणाली.

"कशाची बर्थ?"

"तिकिटाची. तीस वर्षांत तुम्ही कोणाचं तिकीट निघालं आणि डबा, बर्थ विचारली नाही असं झालेलं नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा विचारता. आज यायचं नाही म्हणून नाही विचारलंत? का यायचं नाही हे आधीच ठरलं होतं?"

"ऑडिट..."

"ऑडिट गेलं खड्ड्यात. काय लपवताय?"

मी सांगितलं. खोकल्यापासून सुरुवात केली, शाहपुरा, सिद्दीकी मॅडम, सगळं. शेवटी आकडे सांगितले. आधी अठरा, आता सव्वीस, दीड महिना. वाढीचा वेगही सांगितला. दुर्बिणीची तारीख रद्द केली तेही.

तिकडून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी तयारीत होतो. आला नाही. मागे बाळ कुरकुरत होतं, तिने दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगितलं. मग आवाज अगदी शाळेतल्यासारखा झाला; ती शिक्षिका होती.

"कुठून कुठे?"

"काय कुठून कुठे?"

"मोजलंय कुठून कुठे? पडद्याचं माप घ्यायला मला स्टुलावर चढवता आणि खालून ओरडता, लांबी का रुंदी, रॉडपासून का रिंगपासून, आधी ते सांग, मग आकडा सांग. दर दिवाळीला ओरडता. आता तुमच्या त्या गाठीला लांबी-रुंदी काही आहे का नाही? का ती गोटी आहे?"

मी रिपोर्ट पुढ्यात ओढले. पहिल्यात एकच आकडा. दुसऱ्यात एकच आकडा. कुठल्या बाजूने, ते कोणीच लिहिलं नव्हतं. असं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं असतं तर मी वाचायच्या आधी परत पाठवलं असतं. दोन माणसांनी, दोन मशीनवर, कुठून ते न सांगता घेतलेली दोन मापं मी एकमेकांतून वजा केली होती, आणि त्या वजाबाकीवर माझा जीव मोडीत काढला होता.

"नाही लिहिलंय," मी म्हटलं.

"मग उद्या सकाळी त्या बाईंकडे जा आणि विचारा," ती म्हणाली. "आणि मी येतेय. बारसं झालं की सोमवारी निघते."

"मुग्धाला..."

"मुग्धाचं मी बघते. तुम्ही आता कोणाचं काही बघू नका."

छोटी बाजू

सिद्दीकी मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. काचेवर पट्टी धरून फोटोच्या कडेला छापलेल्या स्केलशी ताडून पाहिलं. गाठ गोटीसारखी नव्हती, बदामासारखी होती. पहिल्याने आखूड बाजू मोजली होती, दुसऱ्याने लांब. पहिल्या फोटोतही लांब बाजू सव्वीसच भरली, दुसऱ्यातही आखूड बाजू अठराच.

"गिल्टी को हमेशा छोटी तरफ से नापते हैं," त्या म्हणाल्या. "दस तक चलता है, उसके ऊपर हम देखते हैं. ये डेढ़ महीने में हिली तक नहीं है." मग माझ्याकडे वळल्या. "और आप बिना दिखाए तारीख कैंसल करवा आए? आप करते क्या हैं?"

"इन्स्पेक्शन में हूँ."

"माशाअल्लाह," त्या म्हणाल्या.

ज्यांच्या हातात दोन रिपोर्ट असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं. रिपोर्टांची तुलना करू नका, फोटोंची करायला सांगा. शक्यतो एकाच डॉक्टरला दोन्ही फोटो समोर ठेवून बघू द्या.

मग मी तो राहिलेला प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं, थुंकी साफ आहे तर छातीच्या आतल्या गाठीतून कोणाला काही लागत नाही. बाळालाही नाही. मी विचारलं असतं तर हे त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. म्हणजे शुक्रवारची गाडी मला घेता आली असती. पण दुर्बिणीसाठी पुन्हा मिळालेली तारीख शनिवारचीच होती, आणि त्या म्हणाल्या की आता ही सोडू नका.

तपासणीला सोबत लागतेच. आपलाच नंबर तिथे चालत नाही. मी तिवारींचं दार वाजवलं. सगळं ऐकून ते इतकंच म्हणाले, "तो वो गिलास इसलिए था." मग आत ओरडले, "अरे सुनती हो, सरोदेजी को छूत नहीं थी, अकल की कमी थी." शनिवारी दिवसभर ते बाहेर बाकावर बसून होते. मी शुद्धीवर आलो तेव्हा घसा सोलल्यासारखा झाला होता, पाणी मिळणार नव्हतं, आणि तिवारी वर्तमानपत्रातले शेअरचे भाव मोठ्याने वाचत होते. मला एकाही शेअरमध्ये रस नव्हता. तरी मी ऐकत राहिलो.

रविवारी बारसं झालं. माझ्या कानाशी फोन होता. बायकांचा पाळणा ऐकू येत होता, भांडी, हसणं, आणि नाव घेतलं तेव्हा नेमकं कोणीतरी शिंकलं. पुन्हा विचारून घ्यावं लागलं. ईरा.

नाव नसलेला आजार

तुकड्यात टीबीच्या खुणा नव्हत्या, कॅन्सरच्या नव्हत्या. सार्कॉइडच्या होत्या. टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला नमुना आणखी काही आठवडे ठेवतात. ते थांबणंही झालं, काही वाढलं नाही. चौकीदार बिना बात खड़ा है, मॅडम म्हणाल्या. हे होण्याचं कारण नक्की कोणाला माहीत नाही, पुष्कळांचं आपोआप जातं, काहींचं डोळ्यांवर, हृदयावर, फुफ्फुसावर जातं, म्हणून लक्ष ठेवायचं. माझे डोळे पावसाळ्यात लाल झाले आणि दम वाढला, तेव्हा गोळ्या सुरू केल्या. त्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली, आणि मी कारण नसताना चिडू लागलो.

सुषमा ठरल्या दिवशी आली होती. मुग्धाचा सव्वा महिना पुरा व्हायला अजून दिवस होते. फोनवर मुग्धा मला म्हणाली, "बाबा, मला सांगितलं असतं तर मीच आईला पाठवलं असतं. आता मला कायम वाटत राहणार, तुम्ही माझ्यामुळे एकटे होतात."

आणि सुषमा सगळं करायची, पथ्याचं जेवण, गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरकडे सोबत, पण बोलायची नाही. माझी कल्पना होती की ती आली की एकटेपण जाईल. ते नुसतं पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकलं. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "मी फोनवर विचारायची जेवलात का, आणि तुम्ही जेवलो म्हणायचात. आता मला तुमचं कुठलंच उत्तर खरं वाटत नाही." मी शेजारी बसून शेंगा सोलत राहिलो. तिने उठायला सांगितलं नाही.

बाहेरच्यांना बातमी कळली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, कॅन्सर नाही ना? नाही म्हटलं की, "मग सुटलात!" पुढे कोणी विचारत नाही. सार्कॉइड हे नाव दोनदा सांगितलं तरी लक्षात राहत नाही. ज्याचं नाव लोकांना येत नाही त्या आजाराची चौकशी होत नाही. तुम्हालाही हे होईल. तुमच्या घरातल्या एका तरी माणसाला ते नाव नीट पाठ करायला लावा.

नाशिक

गाठी उतरल्या. शेवटच्या फोटोत मोठी गाठ आखूड बाजूने नऊ होती. आता रिपोर्टवर बाजू लिहून मागतो. गोळ्या कमी झाल्या आणि मॅडमनी प्रवासाची परवानगी दिली तेव्हा ईरा बसायला लागली होती. डबा, बर्थ मी दोनदा तपासली. सुषमा म्हणाली, "आता बरे झालात." त्या प्रवासात ती पुष्कळ बोलली, बहुतेक सगळं शेजारच्या बर्थवरच्या बाईंशी.

पहिल्यांदा बाळ बघायला जाताना हातावर पैसे ठेवतात. सुषमाने बारशाला दोघांच्या वतीने ठेवले होते, पण तेव्हा मी नव्हतो. मी पाकिटात एकशे एक घातले.

ईरा माझ्याकडे आली नाही. मी हात पुढे केले तशी तिने मुग्धाच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. मुग्धा म्हणाली, "अहो बाबा, ती नवीन माणसाला घाबरते." बरोबरच होतं. मी खाली सतरंजीवर बसलो, थोडा लांब. मग मुग्धाने तिला समोर बसवलं आणि मी पाकीट उघडून नोट आणि नाणं तिच्यापुढे ठेवलं. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. नोट घेतली, चुरगळली, घट्ट धरून ठेवली. नाणं दुसऱ्या हाताने उचललं, तेव्हा तोंडात घालेल म्हणून मुग्धाने ते काढून घेतलं.

म्हणजे प्रत्यक्षात दिले ते असे: शंभर रुपये ईराला, एक रुपया तिच्या आईला.